कपाटाची किल्ली
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



शाळेतल्या ग्रंथपालाच्या दिवसावर बोलायला मला सांगितलंय. कुणी म्हणेल, हा काय विषय झाला? खुर्चीत बसायचं, पुस्तकावर शिक्का मारायचा, पगार घ्यायचा. तर ऐका.

सकाळी सातला शाळा भरते. मस्टरवर सही होते न होते तोच शिपाई निरोप घेऊन येतो. गुरुजी रजेवर आहेत, आठवी ब वर जाऊन बसा. तिथून सुटलो की ऑफिस. शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासा. मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आलेत, ते मोजा. परीक्षेच्या उत्तरपत्रिका मोजा. निवडणूक लागली की मतदारयादी हातात. ग्रंथपाल म्हणजे वाड्यावरचा गडी, कुणीही हाक मारावी आणि त्यानं जी म्हणावं.

मग ग्रंथालय उघडतं केव्हा? मधल्या सुट्टीत. वीस मिनिटं. तेवढ्यात पोरांनी डबा खायचा, नळावर जायचं आणि पुस्तकही बदलायचं. दारात ही झुंबड. मी नाव लिहितो, दाखल क्रमांक लिहितो, सही घेतो. एका पोराला एक मिनिट धरा, वीस पोरं झाली की घंटा. बाकीची हात हलवत परत. आता परत जाणारं पोर कोण ते नीट बघा. ज्याच्या घरी कपाटभर पुस्तकं आहेत त्याचं काही अडत नाही. अडतं दहा बाय दहाच्या खोलीतल्या पोराचं. त्याला शाळेबाहेर पुस्तक दिसणारच नसतं.

त्यातूनही एखादं रेटून पुढं आलंच, तर मागून आवाज येतो, "ह्यांना कशाला देता? फाडून आणतील. घरी ठेवायला जागा तरी आहे का?" हा आवाज मी कैकदा ऐकलाय. सातवीतली पोर पुस्तक छातीशी धरून उभी, आणि मोठी माणसं तिच्यादेखत तिच्या घराचं माप काढतायत. तोंडानं जात विचारत नाहीत आता, जागा विचारतात. मी पुस्तक दिलं. आठ दिवसांनी ते परत आलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

आता मुद्द्याचं. पुस्तक कुलपात का राहतं? जात आहेच, पण कुलपाला एक कारकुनी कारणही आहे. वर्षअखेर मोजणी होते. पुस्तक कमी भरलं की जबाब ग्रंथपालानं द्यायचा, पगारातून पैसे कापतील ही धास्ती त्याला. वर्षभर पुस्तक कुणी उघडलं नाही तर कुणी हूं की चूं करत नाही. हरवलं की मात्र सगळे विचारतात. मग तो किल्ली कमरेला लावतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत मात्र स्पष्ट लिहिलंय, वर्षात १००० पुस्तकं वाचायला दिली तर त्यातली ५ गहाळ होणं रास्त धरावं. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसली म्हणजे झालं. वाचणाऱ्यांच्या हातात पुस्तक जाणार तर एखादं हरवणार, हे दिल्लीनं मान्य केलंय. पण ती मुभा केंद्राच्या ग्रंथालयांना. तीच ओळ आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत भिंतीवर लागली पाहिजे. ही पहिली मागणी.

दुसरी मागणी माणसाची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढा. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय आहे. वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टींचीसुद्धा. किती पोरांमागे किती शिक्षक तेही आहे. ग्रंथपालाचं नाव त्यात नाही. कायद्यानं कपाट दिलं, उघडणारा हात दिला नाही.

तो हात काय करू शकतो ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चर्नी रोडच्या बागेत एक पोरगा वाचत बसायचा. केळुसकर मास्तरांनी त्याला हेरलं, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं. त्या पुस्तकाला ना दाखल क्रमांक, ना परत करायची तारीख. पुढं १९५६ साली त्या भीमानं नागपूरला काय केलं, ते मी सांगायला नको.

तेव्हा आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. देवघेवीचं रजिस्टर बघायला मागा. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात. तुमची वहिनी, मावशी तिथं असेल तर तिला विचारायला लावा, ह्या महिन्यात किती पुस्तकं बाहेर गेली? आपल्या वस्तीत किती आली? शाळा दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा मागा. आणि ग्रंथपालाशी भांडू नका, त्याच्या बाजूनं उभे राहा. त्याच्या डोक्यावरचं ऑफिस उतरलं तरच तो कपाट उघडेल.

महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. पाणी ओंजळीत यायला १९२७ साली चालत जावं लागलं. शाळेचं ग्रंथालयही आज ठरावातच आहे. चला, पुन्हा चालत जाऊ.

जयभीम.