विंचूदंश : औषध आले आहे, वेळ दवडू नका



कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला संशोधन म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात शेजारी शेजारी वाफे करतात. एकात जुने वाण, दुसऱ्यात नवे. खत-पाणी सारखे ठेवायचे आणि उतारा मोजायचा. सरस ठरेल ते बियाणे तुमच्या खाचरात येते. माणसाच्या औषधाचेही तसेच असते, बरं का. त्याचे एक उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात घडले. ते आज सांगतो.

गवऱ्या काढताना, भाताचे भारे उचलताना, बांधाचे दगड हलवताना विंचू चावतो. पुष्कळांना नुसता ठणका लागतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. म्हणून आपण म्हणतो, "विंचवानं काय होतंय?" पण लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब एकदम चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साठते. लहान मुलाचे शरीर लहान, त्यामुळे त्याला धोका सर्वांत जास्त. पूर्वी कोकणात असा गंभीर दंश होऊन दवाखान्यात आलेल्या शंभरातले तीसेक रुग्ण दगावत. डॉक्टरांच्या हातातही नेमका उपाय नव्हता.

१९७६ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकलेले. रुग्णाच्या खाटेजवळ बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, उलटी यांची वेळेनुसार नोंद ठेवू लागले. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात उच्च शिक्षण घेऊन ते पुन्हा रायगडातच परतले. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी या दंशावर उपयोगी पडते, असे त्यांना दिसून आले. ती माहिती १९८६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. वेळेवर उपचार मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले.

दुसरे काम मुंबईत झाले. परळची हाफकिन संस्था १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी निघाली. सर्पदंशावरच्या लशीसाठी ती तुम्हाला माहीत असेल. तिथेच लाल विंचवाच्या विषावरची लस तयार झाली. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते. तेच शुद्ध करून लस बनते.

आता प्रश्न आला, नुसती गोळी बरी की गोळी आणि लस दोन्ही? इथे वाफ्यांसारखीच तुलना झाली. महाडला ७० रुग्णांचे दोन गट केले. नुसत्या गोळीवर बरे व्हायला सरासरी १७ ते १८ तास लागले. दोन्ही दिले त्यांना सुमारे १० तास. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे एका टोकाला खेड्यातले आरोग्य केंद्र, दुसऱ्या टोकाला मोठी संस्था, आणि मधे रुग्ण. पण रुग्ण रात्रभर मंत्र टाकणाऱ्याच्या अंगणात बसला, तर या साऱ्याचा त्याला काय उपयोग? भगताचा मान ठेवायचा तर जरूर ठेवा, पण दवाखान्यातून परत आल्यावर.

ही लक्षणे दिसली की विष अंगात भिनले असे समजा : उलटी, अंगभर घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार पडणे, मुलग्याचे लिंग ताठ राहणे, धाप, खोकला. हे सांगायला लाजू नका. डॉक्टरांना त्यावरूनच कळते. ठणका कमी आहे म्हणून विषही कमी, असे मात्र धरू नका.

काय करावे?

१. दंशाची वेळ लक्षात ठेवा. पहिली उलटी केव्हा झाली तेही सांगा.

२. चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका.

३. रुग्णाला चालवू नका. वाडीवरून झोळीतून रस्त्यापर्यंत आणा. धाप लागली असेल तर बसते ठेवा.

४. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. वाडीवर फोन लागत नसेल, तर थांबून न राहता मिळेल त्या गाडीने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

५. गोळी घरच्या घरी देऊ नका. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असते.

६. विंचू मारून आणण्यात वेळ घालवू नका.

आणि दंशच होऊ नये म्हणून? लाकूडफाटा, गवऱ्या आधी काठीने हलवा. अंथरूण, कपडे, चपला झटकून घ्या. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. खाट भिंतीपासून दूर ठेवा. घराच्या भेगा लिंपून टाका. भारे उचलताना पायात बूट असू द्या. सापापासूनही त्याने बचाव होतो.

मंडळी, आपल्या वाडीवर ज्याच्याकडे गाडी आहे, त्याच्याशी आजच बोलून ठेवा. रात्री-अपरात्री हाक मारली तर तो निघेल, एवढी खात्री करून घ्या. पोराच्या जिवाला त्या तासाचेच मोल असते.