झीज दिसत नाही, पण पैसा खाते



१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली. पुढे विहिरीवरच्या मोटेची जागा इंजिनानं घेतली. या इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे. तेवढ्याच वेळा पिस्टन लायनरमध्ये खालीवर घासतो.

हाताला गुळगुळीत लागणारं लोखंड खरं तर उंचसखल असतं. दोन भाग टेकतात ते उंचवट्यांवरच. सगळा भार तिथं येतो. टोकं चिकटतात, तुटतात. भार दुप्पट, तर झीजही साधारण दुप्पट, असं आर्चर्ड या शास्त्रज्ञानं १९५३ साली मांडलं.

वंगणाचा थर मध्ये राहिला की लोखंडाला लोखंड लागत नाही. गाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं.

पण कोरडवाहू मुलखात खरा वैरी धूळ. तिच्यातला गारेचा कण लायनरच्या बिडाहून कठीण. एअर फिल्टर तुंबला, फाटला, की हा कण आत शिरतो आणि कानशीसारखा घासतो. मग इंजिन तेल पितं, धूर ओकतं, शेवटी लायनर-रिंगा बदलाव्या लागतात.

कृषिमूल्य आयोगाच्या उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरलेला असतो. तुमच्या वहीत आहे का? नसेल, तर आजपासून लिहा. आणि घरी गेल्यावर आधी फिल्टर उघडून बघा.