फोनवरचा डॉक्टर आणि दाराची कडी

(भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



पानशेत-वरसगावच्या पाण्यामागच्या वाड्या काय, नाहीतर हिर्डोशी खोरं काय, आपल्याकडे दवाखाना म्हणजे दिवसाचा रोज बुडवायचा, एस.टी.ची वाट बघायची आणि ‘कुठं निघालीस?’ याचं उत्तर घरात द्यायचं. म्हणून केंद्र सरकारने मार्च 2020मध्ये दूरवैद्यकाची नियमावली काढली, ई-संजीवनी आली, तेव्हा मला बरंच वाटलं. उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी तिथूनच डॉक्टरांशी गाठ घालून देते. हेलपाटा वाचतो. ही सोय टिकलीच पाहिजे.

पण टिकवायचं काय, ते ऐका. एका वाडीवरच्या मैत्रिणीच्या अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. मोबाईल नवऱ्याचा, ओटीपी त्याच्याच फोनवर, तो शेजारी बसलेला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? ही म्हणाली, डोकं दुखतंय. मग मी तिला उपकेंद्रात घेऊन गेले. तिथं पडद्यावरचा डॉक्टर सगळ्या रांगेला दिसत होता, ऐकू येत होता. ती पुन्हा डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परतली. सरकारी आकड्यांत या दोन तपासण्या झाल्या!

नियमावलीतही मेख आहे. मोजकी साधी औषधं नुसत्या बोलण्यावर देता येतात. त्यापलीकडच्या एका यादीतली पहिल्या खेपेस देताना मात्र डॉक्टरने रुग्णाला व्हिडिओवर पाहायला हवं. आपल्या डोंगराआड रेंज बोलण्यापुरती मिळते, चेहरा दिसण्यापुरती नाही. मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर 2022पासून 14416 हा टेलि-मानसचा नंबर साध्या फोनवरून, फुकट लागतो. मग बाकीच्या दुखण्यांना का नको?

आणि फोन आला म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवू, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, फोनवर पोट कसं चाचपणार? अडलेली बाई कशी सोडवणार?

धोरण वर ठरतं, खरं. पण ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला निधी येतो, आणि त्या समितीत आपण बसतो. एक पडदा, दाराला आतून कडी, याला किती पैसे लागतात? मागच्या बैठकीत मी हे विचारलं तर पुरुष सभासद हसले. कडी कशाला, म्हणे. पुढच्या बैठकीला ती मैत्रीण माझ्याबरोबर येते आहे. तुमच्यापैकी कोण कोण येणार, ते चहाच्या आधी सांगा.