अन्ननलिकेचा कर्करोग आणि तपासणीचा हक्क



एका दिवंगत सफाई कामगाराची पत्नी वारसाचे कागद घेऊन माझ्याकडे आली होती. त्या कागदांतील तारखा मी वाचल्या. पतीला घास अडकू लागला तो पावसाळ्यात. दुर्बिणीने तपासणी झाली ती उन्हाळ्यात. मधले महिने रोजगार बुडू नये या धास्तीत गेले. अन्ननलिकेचा कर्करोग मुकाट्याने वाढतो. घास अडकू लागेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

हा उशीर टळावा म्हणून इंग्लंडात एक नवी तपासणी निघाली आहे. रुग्ण दोऱ्याला बांधलेली गोळी गिळतो. पोटात तिचे आवरण विरघळून आतील स्पंज फुलतो. काही मिनिटांनी परिचारिका तो दोऱ्याने बाहेर काढते. त्याला चिकटलेल्या पेशींवरून ‘बॅरेट’ नावाची कर्करोगपूर्व अवस्था ओळखता येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेथील १०९ दवाखाने व जळजळीवर औषध घेणारे तेरा हजारांहून अधिक लोक होते. त्यांचे जवळजवळ सारखे दोन गट केले होते. ज्या गटाला ही तपासणी देऊ केली, त्यात १४० जणांत ती अवस्था सापडली. दुसऱ्या गटात अवघ्या १३ जणांत.

हे साध्या दवाखान्यात घडू शकले, कारण १९४८ पासून तेथे उपचार ही राज्याची जबाबदारी आहे. तरीही या तपासणीने मृत्यू घटतात काय, हे ठरविण्यासाठी २०२४ साली तेथे आणखी मोठी चाचणी हाती घेण्यात आली. मागणीच्या पाठीशी पुरावा हवा, हे त्यांनी जाणले.

आपल्या देशात बहुतेकांना होणारा अन्ननलिकेचा कर्करोग निराळ्या प्रकारचा आहे. तंबाखू व मद्य ही त्याची मोठी कारणे. म्हणून तीच तपासणी जशीच्या तशी येथे पुरणार नाही. सरकारी योजनेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, अन्ननलिकेची नाही. तेव्हा आपली मागणी दुहेरी असावी: येथील रोगास योग्य अशा तपासणीचे संशोधन व्हावे, आणि घास अडकणाऱ्या रुग्णाला सरकारी रुग्णालयात दुर्बिणीची तपासणी विनाविलंब मिळावी.

संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. ते न्यायालयाकरवी बजावून घेता येत नाही, हे खरे. परंतु १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय. पैशाची अडचण ही सबब राज्याला चालणार नाही.

म्हणून घरात कोणाचा घास अडकू लागला, तर एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. रुग्णालयात जा, तपासणी मागा. दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागा.