देवाआधी लेकाचं नाव

॥ जय जय रामकृष्ण हरी ॥

पूर्वरंग

भाविक वाचकहो, कीर्तन सुरू होताना आणि संपताना आपण सगळे मिळून एक गजर करतो. "पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!" मांडीवरच्या पोरालासुद्धा तो पाठ असतो. पण जे पाठ असतं, त्याच्या अर्थाकडं आपलं लक्ष जात नाही. आत्ता, हे वाचता वाचता, मनातल्या मनात एकदा म्हणा बरं. पहिलं नाव कुणाचं आलं? पुंडलिकाचं. देवाचं नाव मागून आलं.

हे काही साधं नाही. दरबारात भालदार आधी राजाचं नाव पुकारतो, चाकराचं नाही. लग्नपत्रिकेत आधी कुलदैवताचं नाव येतं, मग आपली. आणि इथं पंढरीत मात्र देवाआधी भक्ताचं नाव! बरं, हा पुंडलिक कोण होता? त्यानं राज्य केलं नाही. ग्रंथ लिहिला नाही. हिमालयात जाऊन तप केलं नाही. आईवडिलांची सेवा केली, एवढीच त्याची कमाई. आणि त्या कमाईवर अवघा वारकरी संप्रदाय उभा आहे.

पंढरपूरला गेलात तर रीत काय आहे? आधी चंद्रभागेचं स्नान. मग वाळवंटातल्या पुंडलिकाचं दर्शन. मग नामदेवांच्या पायरीला माथा टेकायचा आणि मग विठोबा. पुंडलिकाचं देऊळ नदीच्या पात्रात आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते पाण्यात जातं, वारकरी काठावरूनच हात जोडतात. पण वाट चुकवत नाहीत. लेकाला ओलांडून बापाकडं, म्हणजे त्या जगाच्या बापाकडं, जायचं नाही हा तिथला शिरस्ता.

आता पुण्याकडं या. आपल्या पुण्याचं भाग्य असं की पंढरीला निघालेल्या दोन्ही मोठ्या पालख्या आपल्या घरी मुक्कामाला येतात. ज्ञानोबा माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. दोन रात्री राहून मग माउली दिवेघाट चढून सासवडला जातात आणि तुकोबा लोणी काळभोरच्या वाटेला लागतात. त्या दिवसांत पुणेकर किती करतो! कुणी पिठलं-भाकरी वाढतो, कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतो. फार चांगलं आहे. पण मी विचारतो, रस्त्यावर अनोळखी म्हाताऱ्याचे पाय चेपून घरी गेलेल्या माणसानं त्या रात्री स्वतःच्या म्हाताऱ्याचे पाय चेपले का? ज्यानं चेपले त्याची वारी खरी झाली. ज्यानं नाही चेपले, त्याच्यासाठी आजची रात्र आहेच की.

काही वर्षांपूर्वी याच पालखीच्या दिवसांत कीर्तन झाल्यावर एक बाई भेटायला आल्या. पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, "बुवा, लग्नाआधीपासून माझी वारी होती. आता सात वर्षं चुकली. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. विसरण्याचा आजार आहे, मला ओळखतसुद्धा नाहीत. मला विचारतात, 'बाई, तुम्ही कोण? माझी सून कुठं गेली?' ही माझ्या सेवेची पावती. वारीही गेली आणि सेवेचं फळही नाही. मी दोन्हीकडून रिकामी राहिले का हो?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुमच्यातल्याही कुणाच्या तरी घरात आत्ता, या क्षणी, हाच प्रश्न उशाशी बसलेला असेल. आईबापांची सेवा करावी हे सगळेच सांगतात. पण जो करतो आहे, दमला आहे, ज्याला कुणी 'शाब्बास' म्हणत नाही, त्याच्या पदरात काय पडतं? उत्तर मी माझ्या पदरचं देत नाही. पुंडलिकाच्या कथेतच ते आहे.

उत्तररंग

कथा तुम्हांला ठाऊक आहे, तरी पुन्हा ऐका. जानुदेव आणि सत्यवती यांचा हा मुलगा. आधी चांगला नव्हता बरं का! लग्न झालं आणि आईबाप डोळ्यांत सलायला लागले. काशीयात्रेला निघाला तर स्वतः बायकोसह घोड्यावर आणि म्हातारा-म्हातारी पायी, धुळीत. आज घोडे नाहीत, पण प्रकार तोच आहे. आपल्या खोलीत एसी आणि आईच्या खोलीतला पंखा दोन महिने नादुरुस्त.

वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात मुक्काम पडला. पुंडलिकानं मुनींना विचारलं, "काशी किती लांब?" मुनी म्हणाले, "मी कधी गेलो नाही, मला ठाऊक नाही." पुंडलिक मनात हसला. म्हणाला, कसला हा साधू, काशी पाहिली नाही! पहाटे मात्र त्याला जाग आली आणि पाहतो तो काय, मळक्या वस्त्रांच्या तीन स्त्रिया आश्रमात आल्या. त्यांनी झाडलोट केली, सडा घातला, पाणी भरलं. आणि परत निघाल्या तेव्हा त्यांची वस्त्रं शुभ्र झालेली! पुंडलिकानं पाय धरले. कोण तुम्ही? त्या म्हणाल्या, "आम्ही गंगा, यमुना, सरस्वती. लोक आमच्यात पापं धुतात, आम्ही मळतो. हा मुनी आईवडिलांच्या सेवेतून उठत नाही, म्हणून याच्या अंगणात झाडू मारायला आम्ही येतो आणि निर्मळ होऊन जातो."

इथं जरा थांबा. स्वच्छ कोण झालं? जिनं झाडलं ती. हे पहिलं फळ. त्या बाईंना मी हेच म्हणालो, "माउली, सात वर्षं तुम्ही सासूबाईंची चादर धुताय असं तुम्हांला वाटतं. पण धुतलं गेलं ते तुमचं मन. सात वर्षांपूर्वी कुणी वेडंवाकडं बोललं तर तुम्ही तसंच उत्तर देत होतात ना? आणि आज एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारला तरी सांगता, 'मी तुमची सूनच आहे.' हा क्षमेचा अभ्यास आहे. आम्ही तो बैठकीवर बसून करतो, तुम्ही भांडं हातात धरून केलात."

पुंडलिक तिथून माघारी फिरला. काशीला गेलाच नाही. घोड्यावर आईबापांना बसवलं, स्वतः पायी चालला. दिंडीरवनात, भीमेच्या काठी झोपडी बांधून राहिला.

इकडं द्वारकेत रुक्मिणीमाता रुसल्या आणि निघून त्याच वनात आल्या. देव त्यांना शोधत आले. भगवंताला आणलं ते बायकोच्या रुसव्यानं, पण थांबवलं ते पुंडलिकानं! देव दारात आले तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. दारात साक्षात परब्रह्म. आपण काय केलं असतं? आईला म्हणालो असतो, "थांब गं जरा, साहेब आलेत." पुंडलिक उठला नाही. पण उद्धटही नव्हता तो. पावसानं चिखल झाला होता, देवाचे पाय मळू नयेत म्हणून हाताशी होती ती वीट त्यानं पुढं टाकली आणि म्हणाला, "देवा, एवढ्यावर उभे राहा. हातातलं काम झालं की आलोच."

आणि देव रागावले नाहीत. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आजही उभेच आहेत.

हे दुसरं फळ. जिथं आईबापांची सेवा चालते, तिथं देव येतो आणि वाट बघत थांबतो. त्या बाई म्हणत होत्या, वारी चुकली. अहो, पुंडलिकाची तर काशी चुकली आणि म्हणून आपल्याला पंढरी मिळाली! वारी सोडा असं मी म्हणत नाही. वारी आपला श्वास आहे. पण ज्याला घरच्या आजाऱ्यापायी उंबरा ओलांडता येत नाही, त्यानं स्वतःला वारीतून वगळलेला समजू नये. तो पुंडलिकाच्या जागी बसलाय. आपण सगळे चालून जिथं पोचतो, ते ठिकाण त्याच्या दाराशी आहे.

तिसरं फळ पाहा. देव म्हणाले, वर माग. पुंडलिकानं स्वतःसाठी काही मागितलं? नाही. म्हणाला, "असाच उभा राहा आणि येईल त्याला भेट दे." सेवेनं मागण्याची भूक संपते. नुसतं फळ मिळण्यापेक्षा फळाची हाव सुटणं मोठं.

आता थोडं कडू बोलतो, गोड मानून घ्या.

एक. पाय पुंडलिक स्वतः चेपत होता. बायकोला सांगून टाळ घेऊन बसला नव्हता. कितीतरी घरांत नाव लेकाचं होतं आणि रात्री उठते सून. आद्य शंकराचार्य संन्यासी. संन्याशाला कर्माचं बंधन नाही. तरी आईला दिलेल्या शब्दासाठी ते कालडीला परत आले, भाऊबंदांनी पाठ फिरवली तेव्हा एकट्यानं तिला अग्नी दिला, अशी कथा परंपरा सांगते. जगद्गुरूंना जे चुकवता आलं नाही, ते आपण भजनाचं निमित्त काढून चुकवायचं? घरात सून करत असेल तर पुंडलिक तीच आहे. तिला तसं म्हणा, आणि आठवड्यातून दोन रात्री तुम्ही जागा.

दोन. पाळ्या. आई महिनाभर थोरल्याकडं, महिनाभर धाकट्याकडं. मग वाद कशावर? फेब्रुवारी कुणाचा यावर! अठ्ठावीस दिवसांत सुटका होते ना! हसू नका, आईला हे कळतं. पाळी लावायची तर कामाची लावा, आईची नको.

तीन. लेक परदेशात असला म्हणून तो वाईट होत नाही. आपणच फी भरून पाठवलाय त्याला. पण रोज ठरल्या वेळी फोन हवा, आणि "गोळी घेतली का?" एवढ्यावर तो संपू नये. "आज काय वाचलंस, कोण भेटलं, गुडघा काय म्हणतोय?" हे विचारा. आणि खरोखर नाइलाज होऊन कुणाला वडिलांना संस्थेत ठेवावं लागलं, तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र पैसे वेळेवर पोचतात तसे तुम्हीही वेळेवर पोचा.

चार, हे थोरांसाठी. आईवडील सांभाळ कायदा 2007 साली झाला. प्रांत अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहिली असेल आणि ती पाळली नाही, तर ते रद्द होऊ शकतं. म्हणून घर मुलांच्या नावे करताना अट लिहून घ्या, लाजू नका. आईबापांना टाकून देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्यानं पैसे मिळतील, "आई, जेवलीस का?" ही हाक कुठलं न्यायाधिकरण देणार? म्हणून म्हाताऱ्यांनीही जीभ गोड ठेवावी. सेवा करणाऱ्याला दिवसातून एकदा "बाळ, दमलास का?" म्हणावं. जानुदेव-सत्यवतींनी घोड्यामागची धूळ विसरून लेकाला जवळ केलं, हे ध्यानात ठेवा. लेकाला सुधारायची संधी देणं हे आईबापांचं काम आहे.

आणि पाचवं, ज्यांचे आईवडील आता नाहीत त्यांच्यासाठी. हळहळत बसू नका. तुमच्या जिन्यावर, तुमच्या आळीत कुणीतरी एकटं म्हातारं माणूस आहे. त्याच्या दाराशी जा, विचारपूस करा. ऋण तिथंही फिटतं.

त्या बाई जाताना म्हणाल्या, "सासूबाईंना माझं नाव आठवत नाही, त्याचं काय?" मी म्हटलं, "त्यांना नसेल आठवत. पण गजर आठवा. सेवा करणाऱ्याचं नाव देव आपल्याआधी घ्यायला लावतो. तुमचं नाव त्याच्याकडं लिहिलेलं आहे."

वाचकहो, आता पुस्तक मिटा. शेजारच्या खोलीत कुणी जागं असेल तर आधी तिकडं जाऊन या. देव थांबेल. त्याला थांबायची सवय आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!