शिबिराला आपलीही लेक जाऊ द्या



कॉलेजची मुलं-मुली सात दिवस गावात मुक्कामाला येतात, श्रमदान करतात, घरोघरी फिरून माहिती घेतात. ते राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं शिबिर. ही योजना १९६९ पासून चालू आहे. खर्चाला सरकारी अनुदान असतं. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक शिबिर पूर्ण केलं, की प्रमाणपत्र मिळतं.

शिबिरातल्या मुलींना आपण हौसेनं पिठलं-भाकरी खाऊ घालतो. मग आपल्याच लेकीनं "आई, मी जाऊ?" विचारलं, की "रात्रीचं राहायचं? नको गं बाई!" असं का म्हणतो? त्याही कुणाच्या तरी लेकीच ना?

काळजी वाटते, ती खरीच आहे. म्हणून आधी विचारा. मुक्काम कुठे? मुलींची खोली वेगळी आहे का? संडास-बाथरूमची सोय काय? सोबत कोणत्या मॅडम राहणार? कार्यक्रम अधिकाऱ्यांचा नंबर घ्या. समाधान झालं, तर मात्र अडवू नका.

चारचौघांत उभं राहून बोलायला आपण गटात आल्यावर शिकलो, तेही लग्नानंतर, पोरंबाळं झाल्यावर. लेकीला ते अठराव्या वर्षीच जमू दे.