दख्खनचा दुष्काळ : १८७६-७८

पाऊस पडला नाहीं म्हणून माणसें मेलीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. १८७६ सालीं दख्खनमध्यें पावसानें दगा दिला, हें खरें. परंतु मेलीं तीं माणसें कोणतीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

दुष्काळापूर्वींच कुणब्याचें घर पोखरलेलें होतें. सारा भरावयाचा तो रोखीनें व ठरल्या हप्त्यानें. त्यासाठीं सावकाराचें दार, आणि सावकाराच्या हातीं दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तीं कांहीं उगीच नव्हे! पूर्वीं अडीनडीस पेवांत जोंधळा असे. आगगाडी झाल्यावर तो जास्त भाव देणाऱ्या पेठेकडे जाऊं लागला. ज्या महार-मांगांना जमीनच नव्हती, त्यांच्या घरीं तर पेवहि नव्हतें. त्यांचें बलुतें खळ्यावर मिळावयाचें, आणि त्या वर्षीं खळेंच झालें नाहीं.

१ जानेवारी १८७७ रोजीं लॉर्ड लिटन यांचा दिल्लीदरबार थाटानें पार पडला. लौकरच सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी उतरविली. धडधाकट पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर धान्याची किंमत व वर एक आणा. याच टेंपलसाहेबांनीं १८७४ सालीं बिहारमध्यें ब्रह्मदेशचा तांदूळ आणून असंख्य जीव वांचविले होते, आणि त्याबद्दल त्यांना उधळेपणाचा ठपका मिळाला होता. साहेबांनीं धडा घेतला, पण भलताच. मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें गांवोगांवची माहिती जमवून सरकारकडे अर्ज धाडले. मद्रासेकडे डॉ. कॉर्निश या सरकारी वैद्यानेंच बजावलें कीं, एवढ्या अन्नावर कष्टकरी जगत नाहीं. अखेर ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांवर माणसें दगावलीं, असा पुढें सरकारी कमिशननेंच अंदाज केला.

१९७२ सालीं महाराष्ट्रांत पाऊस पुन्हां फिरला. या खेपेस मात्र लक्षावधि स्त्रीपुरुषांना सरकारी कामांवर घ्यावें लागलें. मतें मागावयास जाणाऱ्यांना त्यांच्याच दारीं उभें राहावयाचें होतें. तसा मृत्यूचा कहर झाला नाहीं. त्या कामांच्या अनुभवावर रोजगार हमीची योजना वाढली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. खडी फोडावयास तेव्हांहि आले ते बहुतेक भूमिहीन आणि कोरडवाहू शेतकरी. विहीर-बागाईतवाले तेथें क्वचितच दिसले.